उजवा कप्पा

कवळ्या करणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. दातांचे डॉक्टर माप घेतात, ते ओल्या कापडात गुंडाळून डब्यातून लॅबमध्ये पाठवतात. सोबतच्या चिठ्ठीवर दातांचा रंग आणि कधी हवं ते लिहिलेलं असतं. मापात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रात अडकवून चावा जुळतोय का ते पाहायचं आणि कवळी आल्या वाटेने परत पाठवायची. बसली तर कोणी काही कळवत नाही. टोचली तर परत येते.

तो हे काम तरुणपणापासून करत आला होता. लॅब दुसऱ्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. खिडकीशी त्याचं टेबल आणि शेजारी पॉलिशवालीचं. लॅबमध्ये नवीन माणूस आला की पॉलिशवाली त्याची ओळख ठरलेल्या वाक्यात करून द्यायची. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना? हे बघा, यांचं भरलंय." मग त्याच्या पोटाकडे बोट. तोही दर वेळी हसायचा. कामावरचं त्याचं बोलणं जवळपास एवढ्यावर भागायचं.

घरी तेवढंही नव्हतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून दुसऱ्या शहरात गेली होती. बाळ मान धरेपर्यंत राहीन म्हणाली होती. मग ते रांगेपर्यंत. मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाल्यावर असं काही म्हणायचंही तिने सोडलं. भांडण नव्हतं. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"अहो, आज सारखं रडतंय. दात येतायत."

"येऊ देत की. दात यायला माणूस कशाला लागतं?"

"तुम्हाला काय, तुमच्या दातांना हिरड्या नसतात."

"मग कधी येतेस?"

"बघते."

मुलीने त्याला इंटरनेटवरचं एक पान पाठवलं ते बहुधा अपराधी वाटून. 'बाबा, हे उघड,' तिने लिहिलं होतं, 'काही इन्स्टॉल करायला लागत नाही. ब्राउझरमध्येच चालतं. तुझ्या लॅबमधल्या यंत्रांची घरघर अशीच असते ना?' पान उघडलं तर काळ्या स्क्रीनवर चार ओळी होत्या. कळ दाबली तर त्या ओळी वाजू लागल्या. टकटक, मध्येच घुमल्यासारखा आवाज, परत टकटक, गोल गोल. एका ओळीतला आकडा बदलून पुन्हा कळ दाबली तर वाजणं न थांबता टकटक दुप्पट झाली. चहा उकळत असतानाच साखर टाकून चव घ्यावी, तसा प्रकार. तो आकडे बदलत बसला. जेवण गार झालं.

पुढच्या महिन्यांत त्याने त्या ओळींची भाषा शिकून घेतली. इंग्रजी जेमतेम होतं, पण लागणारे शब्द थोडे होते आणि चुकलं तर पान फक्त गप्प बसायचं, कोणाला काही सांगायचं नाही. बिजागरीच्या यंत्राची टकटक त्याने मोबाइलवर रेकॉर्ड केली. प्लास्टरमधले बुडबुडे निघावेत म्हणून साचा थरथरवणारं एक छोटं यंत्र असतं, त्याची घरघर रेकॉर्ड केली. मेण कापायच्या सुरीचा आवाजसुद्धा घेतला. पॉलिशवालीने पाहिलं.

"आम्ही इथून कधी सुटतो म्हणून घड्याळ बघतो आणि तुम्ही ऑफिस खिशात घालून घरी नेता?"

"घरी शांत असतं."

"मग असू द्या की शांत!"

ती गंमत करत होती. तो करत नव्हता.

अशा पानांवर गाणी लिहिणारी माणसं जगभर आहेत आणि गावोगाव त्यांचे लहान-मोठे गट आहेत. शिकवणीचा क्लास चालवणाऱ्या एका मास्तरांनी त्याच्या शहरातला गट जमवला होता. गटात शिरायला नाव लागायचं, त्याने 'कवळी' टाइप केलं. तेव्हापासून मास्तर त्याला कवळीकाका म्हणायचे आणि बाकीचे नुसतं काका.

गटाचे नियम लेखी नव्हते, पण पाळले कडक जायचे. पहिला, बैठकीत कोऱ्या पानावरून सुरुवात करायची. घरून लिहून आणलेली ओळ चिकटवणं म्हणजे परीक्षेत चिठ्ठी काढणं. दुसरा, दुसऱ्याच्या ओळीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तिसरा, संपलं की 'झालं' असा शेरा लिहायचा. ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या की ती ओळ यंत्र वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. त्याला शेरा म्हणायचे. वाजवताना सगळी बोलणी अशा शेऱ्यांतून व्हायची.

दोघांनी मिळून वाजवायचं तर एक सामाईक पान उघडायचं. त्याला खोली म्हणत. खोलीत दोन कप्पे, डावा आणि उजवा. ज्याच्या हातात लिंक, तो आत, आणि गटातल्या खोल्यांच्या लिंक गटाच्या यादीत असत. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला अक्षर-अक्षर दिसायचं, दोघं हजार कोस लांब असले तरी. खोली कोणी मोडत नसे. लिहिलेलं तिथेच राहायचं.

त्याच्या खोलीत एका संध्याकाळी 'भिंगरी' आली. ती कोण, कुठली, हे त्याला कधी कळलं नाही. बाई आहे एवढं कळलं, कारण तिने शेरा लिहिला होता, 'मी उजव्या कप्प्यात चित्रं काढू का? मी आड आले तर हाकला.' चित्रांची भाषा वेगळी होती, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. तिने दहाबारा ओळी लिहिल्या आणि कळ दाबली. त्याच्या अक्षरांच्या मागे निळ्या रेघा पसरल्या. पानाने माइकची परवानगी मागितली, त्याने दिली. बिजागरीची टकटक आली की रेघा तुटायच्या, सुरीचा आवाज आला की त्यांना दाते फुटायचे. तो काम करतो आणि त्याच्याकडे बघून कोणीतरी काहीतरी करतं, असं पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं.

'हा टकटक आवाज कसला?' तिने विचारलं होतं.

'जबड्याचा.'

'बापरे. कोणाच्या?'

'गिऱ्हाइकाच्या. नाव माहीत नाही.'

'मग चालेल.'

तेव्हा उन्हाळा होता. ती दोन-तीन आठवडे येत राहिली. शेरे कमी कमी होत गेले. त्याला त्यात वावगं वाटलं नाही. काम करणारं माणूस बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तिच्या ओळी चित्राच्या आड यायच्या म्हणून तो उजवा कप्पा मिटून ठेवायचा. एक कळ दाबली की अक्षरं जायची, नुसतं चित्र उरायचं. कामावरून आलं की हातपाय धुवायचे, लॅपटॉप उघडायचा, दोन्ही कप्पे एकदम चालू करणारी कळ दाबायची आणि डाव्या बाजूला लिहायला लागायचं. ती तिथे असायचीच. त्याने घाई केली की चित्र घाई करायचं, तो मंदावला की मंदावायचं. एकदा शेजाऱ्यांनी भिंत ठोकली म्हणून त्याने हेडफोन लावले. त्या दिवशी चित्र जागचं हललं नाही. कंटाळली असेल, त्याने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर लावला तर ती पुन्हा आली होती. शेजाऱ्यांकडे जाऊन त्याने वेळ ठरवून घेतली, सात ते साडेआठ. तो स्वतःहून त्यांच्या दाराशी गेला होता, याचं शेजारणीलाच नवल वाटलं.

थंडी पडायच्या सुमारास मास्तरांनी गटावर कळवलं की पुढची बैठक जोडीची आहे. वाचनालयाचा वरचा हॉल, मोठा पडदा, बघायला लोक आणि घरी बसलेल्यांसाठी थेट प्रक्षेपण. एकट्याला प्रवेश नाही. दोन्ही नावं कळवा. एकजण दुसरीकडून लिंकवर आला तरी हरकत नाही.

तो बैठकांना शेवटच्या रांगेत बसायचा, पुढे कधी गेला नव्हता. या वेळी त्याने ठरवलं. पण तिला विचारल्याशिवाय नाव देणं बरं दिसलं नसतं. त्या संध्याकाळी त्याने वाजवता वाजवता आपल्या कप्प्यात शेरा लिहिला. 'जोडीच्या बैठकीला माझ्याबरोबर वाजवशील का?' उत्तर आलं नाही. टकटक चालू ठेवून त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. 'लिहायला नको. हो असेल तर पडदा लाल कर.'

पडदा निळाच होता. हात थांबवणं बरं नव्हतं, म्हणून त्याने पुढची ओळ लिहिली, प्लास्टरच्या यंत्राची घरघर, खर्जातली, जरा मोठीच. कळ दाबली. कडेकडेने लाली चढत चढत सगळा पडदा लाल झाला.

त्याने मास्तरांना दोन नावं कळवली, कवळी आणि भिंगरी.

फोनवर त्याने बायकोलाही दोन्ही नावं सांगितली.

"भिंगरी? हे काय नाव झालं?"

"माझं तरी कवळी आहे."

"वय काय तिचं?"

"माहीत नाही."

"दिसायला?"

"बघितलं नाही कधी."

"कमाल आहे! इथे मी नातवाचं ढुंगण धुतेय आणि तिकडे जोडी जमवून बसलेत." ती हसत होती. मग आतल्या खोलीकडे ओरडली, "अगं, तुझे बाबा स्टेजवर चाललेत! बाईबरोबर!" आणि पुन्हा फोनवर, "आम्ही बघणार हं. लिंक का काय ते पाठवा. आणि तो राखाडी शर्ट घालू नका, खांद्यावर प्लास्टर दिसतं त्याच्या."

बैठकीच्या आदल्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला.

"काका, भिंगरीचा निरोप नाही आला अजून. कोणाकडे तिचा नंबर पण नाही. पक्कं आहे ना?"

"पक्कं आहे. विचारलंय मी."

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

"मग झालं तर. खोली मी ताजी उघडणार, कोरी. लिंक तिला तुम्हीच द्या."

त्याने लिंक शेऱ्यात लिहिली. वार लिहिला, वेळ लिहिली. खाली लिहिलं, 'कोऱ्या पानावरून आहे, लक्षात असू दे.' आणि मग बराच विचार करून, 'घरचे बघणार आहेत.'

बैठकीच्या दिवशी तो निळा शर्ट घालून तासभर आधी पोचला. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतभर पडदा. कॅमेरा एका शिडीला बांधला होता. त्याचा क्रमांक मधला होता. आधीच्या जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या ओळी खोडण्यावरून पडद्यावरच शेऱ्यांतून भांडण केलं. 'हात काढ.' 'तू काढ.' 'आईला सांगेन.' ते भाऊ होते. लोक खो खो हसले.

मग मास्तरांनी नावं पुकारली. तो जाऊन बसला. पडद्यावर दोन कोरे कप्पे आले, डाव्यावर 'कवळी', उजव्यावर 'भिंगरी', ही नावं मास्तरांनीच घातलेली. त्याने पहिली ओळ लिहिली. टकटक सुरू झाली. हॉलच्या स्पीकरवर ती घरच्यापेक्षा भरीव वाटत होती आणि कोणीतरी मागून "व्वा" म्हणालं. दुसरी ओळ, सुरीची. उजवा कप्पा कोरा होता.

तिला आत यायला वेळ लागत असेल. त्याने टकटकीची लय थोडी मोकळी केली, माणूस जिना चढून येईपर्यंत दार धरून ठेवावं तशी. मास्तर वाकून म्हणाले, "नेट असेल तिकडचं." तो मान हलवून लिहीत राहिला. पडदा काळा, अक्षरं पांढरी, बाकी काही नाही. त्याने शेरा लिहिला, 'आलीस का?' हॉलमध्ये दोघं-तिघं हसले, त्यांना ती गंमत वाटली. मग त्याने लिहिलं, 'लाल कर.' आणि घरघर आणली, नेहमीपेक्षा मोठी. खुर्च्यांचे पाय फरशीवर थरथरले. पडदा काळाच राहिला.

दुसऱ्या रांगेत दुकानांचे बोर्ड रंगवणारी एक बाई बसली होती. गटात चित्रं काढणाऱ्यांत ती जुनी. काकांची भिंगरी कोण, हे बघायचं म्हणून तिने गटाच्या यादीतून त्याची जुनी खोली आपल्या लॅपटॉपवर उघडली. मिटलेला कप्पा उघडला, ओळी वाचल्या, चालू केल्या. हॉलमधली घरघर तिच्या लॅपटॉपच्या माइकवर पडली आणि तिच्या मांडीवरचा स्क्रीन लालभडक झाला. ती उठून वाकत वाकत त्याच्या टेबलापाशी आली.

"काका, वाजवत राहा. एक दाखवू?"

तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याचं वाजणं चालू होतं आणि त्या लहान स्क्रीनवर रेघा तुटत होत्या, दाते फुटत होते.

"आली का ती?" त्याने हळू आवाजात विचारलं. "जुन्याच खोलीत गेली का?"

"कोणी नाही काका तिथे. ही ओळ बघा. ही माइक ऐकते. खर्ज वाढला की लाल, टकटक आली की तुकडे. एकदा लिहून ठेवलं की माणूस लागत नाही."

"पण चालू ती करायची ना रोज?"

"चालू कोण करायचं? दोन्ही कप्प्यांची कळ कोण दाबायचं?"

त्याने टकटकीचा एक आकडा बदलला. मग विचारलं, "शेवटचं कधी लिहिलंय तिने?"

ओळींवर बोट ठेवलं की कोणी कधी बदल केला ते दिसतं. तिने बोट ठेवलं आणि सांगावं की नाही असा विचार केला, पण स्क्रीन त्याच्यासमोरच होता. तारीख उन्हाळ्यातली होती. त्यानंतरचे सगळे बदल एकाच नावाचे होते, 'कवळी'.

माइकवरून मास्तर काहीतरी सांभाळून घेणारं बोलत होते. बोर्डवाली म्हणाली, "मी बसू का उजवीकडे? काढते काहीतरी पटकन."

"नको," तो म्हणाला. "नाव तिचं आहे."

ठरलेला वेळ त्याने पूर्ण वाजवलं. आता आवरावं तर पडद्यावर दोनच मिनिटांची अक्षरं राहिली असती आणि घरचे बघत होते. ओळी एकेक करून काढल्या, शेवटी नुसती टकटक, मग तीही नाही. खाली 'झालं' लिहिलं. टाळ्या चांगल्या पडल्या. भांडणाऱ्या भावांतला धाकटा येऊन म्हणाला की रिकामा पडदा ठेवायची कल्पना भारी होती.

रात्रीचा फोन बायकोने नेहमीपेक्षा लवकर केला.

"आली नाही का हो ती?"

"नाही."

"अडचण असेल काही."

"हो."

"आवाज छान येत होता पण. बाळ ऐकत होतं टक लावून." मग तिने विचारलं, "जेवलात?"

"जेवतो."

"अहो, तुम्हाला वाईट वाटलं का?"

"कवळ्यांचा ढीग पडलाय उद्याला," तो म्हणाला.

मास्तरांनी इकडून-तिकडून विचारून भिंगरीचा पत्ता लावला. ती एका विमा कचेरीत होती, बदली झाल्यावर तिने हा नाद सोडला होता. तिचं उत्तर मास्तरांनी त्याला जसंच्या तसं पाठवलं. 'हो हो, आठवतात. जबडेवाले ना? मी तेव्हा शिकत होते, चांगल्या दहा-पंधरा खोल्यांत त्याच ओळी टाकल्या होत्या. कोणी अजून वापरत असेल असं वाटलंच नव्हतं. खुशाल वापरा म्हणावं, परवानगी कसली मागायची!' त्यात वाईट शब्द एकही नव्हता. त्याने ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

"कोणाचं?" पॉलिशवालीने विचारलं.

"ओळखीचं नाही कोणी."

तीन आठवडे त्याने लॅपटॉप उघडला नाही. शेजारीण भेटली तर म्हणाली, "बरं वाटत नाही का? सात वाजले की आम्ही वाट बघतो, आता भिंत ठोकायची पंचाईत झालीय." मग एका शनिवारी बोर्डवालीचा निरोप आला. 'काका, मला टकटक हवी आहे. चित्रं माझी. नवी खोली उघडलीय, या.'

तो गेला. पान कोरं होतं. ती उजवीकडे लिहू लागली. या वेळी त्याने कप्पा मिटला नाही. अक्षरं चित्राच्या आड येत होती, तरी तो अक्षरांकडेच बघत होता. अक्षर थांबलं की त्याचा हात थांबायचा.

'आहेस का?' त्याने शेरा लिहिला.

'आहे.'

दोन ओळी झाल्या. 'आहेस ना?'

'आहे की.'

तिने हिरवे गोळे काढले, त्याच्या टकटकीवर ते उड्या मारू लागले. ते बघून त्याने लगेच विचारलं, 'हे तू करतेस की ओळ करते?'

'ओळ करते. ओळ मी केली.'

'आता आहेस?'

तिकडून फोनच आला.

"काका, दर मिनिटाला हजेरी घेताय का? मी काय शाळेत आहे?"

"नाही, सहज."

"सहज कसलं! 'आहेस का, आहेस का' वाचत बसू की चित्र काढू? विचाराल तर मी जाईन उठून. खरंच सांगते."

"बरं. नाही विचारत."

"आणि वाजवा जरा. मगापासून टकटक एकच आहे. मलाच वाटायला लागलंय की तिकडे तुम्ही नाही."

हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फोन ठेवून त्याने टकटक मोडली, तिरकी केली, मध्ये सुरी आणली.

शनिवार ठरून गेला. ती यायची, कधी उशिरा, कधी जांभया देत, शेऱ्यांत घरच्या कटकटी लिहीत. तो विचारत नसे. विचारू नये म्हणून तो कधी कधी हात मांडीखाली धरून बसायचा. एकदा तिची अक्षरं बराच वेळ हलली नाहीत. चित्र मात्र झकास चाललं होतं, त्याच्या प्रत्येक आवाजाला उत्तर देत होतं. ती तिथे आहे की नाही हे त्या चित्रावरून सांगता येत नव्हतं आणि ते सांगता येत नाही, एवढं आता त्याला पक्कं माहीत होतं. 'आहेस' एवढं त्याने टाइप केलं. मग एकेक अक्षर खोडलं आणि त्या जागी सुरीची एक नवी ओळ लिहिली. वाजवणं पूर्ण केलं, 'झालं' लिहिलं. उत्तर आलं नाही. तो उठला, कप विसळला, दाराची कडी बघितली.

परत आला तेव्हा उजव्या कप्प्यात एक शेरा होता.

'गॅसवाला आला होता, मग भांडीच घासायला लागले. मधलं सगळं हुकलं. छान वाजवलं असणार तुम्ही.'

त्याने खाली लिहिलं, 'हो.' आणि खुर्ची ओढून बसला, ती अजून काही लिहिते का ते बघत.